रॅलीत उतरायचंय? मग गाडी सगळ्यात शेवटी घ्या

राष्ट्रीय रॅलीचा एखादा व्हिडिओ फिरायला लागला, मुरमाच्या रस्त्यावर आडवी गेलेली पोलो कुणाच्या स्टेटसला दिसली, की आठवडाभरात मला फोन सुरू होतात. मुलगा कधी संगमनेरचा असतो, कधी बारामतीचा, कधी डोंबिवलीचा. प्रश्न एकच असतो : "दादा, रॅलीसाठी कोणती गाडी घेऊ?"

माझं उत्तरही ठरलेलं आहे. अजून घेऊ नकोस.

मी गेली चौदा वर्षं रॅलीच्या गाडीत डाव्या सीटवर बसतोय, म्हणजे ड्रायव्हरला वाट सांगणारा नेव्हिगेटर आहे. या काळात हुशार, हात चांगला असलेली कितीतरी मुलं पहिल्या स्टेजपर्यंत पोचण्याआधीच थांबलेली पाहिली. कारण बहुतेक वेळा तेच. आधी जुनी गाडी घेतली, मग तिला अलॉय, एक्झॉस्ट, मोठा फिल्टर लावला, आणि हेल्मेट, रोल केज (गाडीच्या आतली संरक्षक पाइपची चौकट), एंट्री फी यांची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा. गाडी घरासमोर ताडपत्रीखाली उभी आणि घरच्यांचं बोलणं वेगळंच. हे टाळता येतं. त्यासाठी फक्त क्रम बदलायचा : आधी खेळ शिकायचा, मग हात बसवायचा, मग सुरक्षेचं सामान घ्यायचं आणि गाडी शेवटी.

आधी कोणती रॅली, ते ठरवा

आपल्याकडे 'रॅली' हा शब्द चार-पाच वेगळ्या खेळांना वापरतात.

टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. इथे वेगाला किंमत नाही, अचूकतेला आहे. सार्वजनिक रस्त्यावर, वाहतुकीचे नियम पाळून, दिलेल्या सरासरी वेगाने ठरलेल्या सेकंदाला पोचायचं. घरची गाडी चालते.

ऑटोक्रॉस आणि रॅली स्प्रिंट. बंद मैदानात किंवा बंद केलेल्या छोट्या कच्च्या मार्गावर घड्याळाशी शर्यत.

स्टेज रॅली. ज्याचे व्हिडिओ आपण बघतो ती हीच. रस्ता बंद करून आखलेल्या स्पेशल स्टेज, एकामागून एक सुटणाऱ्या गाड्या, शेजारी नेव्हिगेटर. आपल्या देशात याची सर्वोच्च पातळी म्हणजे इंडियन नॅशनल रॅली चॅम्पियनशिप, आयएनआरसी. चेन्नई, कोईंबतूर, बंगळूर, चिकमगळूर, कोडगू ही तिची जुनी ठिकाणं. आपल्या नाशिकलाही रॅली ऑफ महाराष्ट्र व्हायची.

क्रॉस-कंट्री, म्हणजे रेड. १९९९ साली सुरू झालेली रेड दि हिमालय किंवा राजस्थानातली डेझर्ट स्टॉर्म या जातीच्या. कित्येक दिवस, शेकडो किलोमीटर. खर्चही त्याच मापाचा, म्हणून नवख्याने इथून सुरुवात करू नये. गोव्यात भर पावसात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही तर रॅलीच नव्हे. ती चिखल, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) आणि चार चाकांच्या ताकदीची ऑफ-रोड स्पर्धा आहे. दोन्हींसाठी गाडी वेगळी लागते, त्यामुळे एकीसाठी घेतलेलं सामान दुसरीला उपयोगी पडत नाही.

या सगळ्यांवर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, म्हणजे एफएमएससीआय, ही राष्ट्रीय संघटना आहे. स्पर्धेला तिचा परमिट आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायचं. परमिट नसेल तर रुग्णवाहिका, विमा, मार्ग सांभाळणारे मार्शल यांतलं काय आहे आणि काय नाही, याला कुणीच जबाबदार नसतं.

पहिली पायरी : मार्शल व्हा

यासाठी काही पैसे लागत नाहीत. प्रत्येक आयोजक क्लबला स्वयंसेवक हवे असतात आणि ते कधीच पुरेसे मिळत नाहीत. जवळच्या स्पर्धेच्या आयोजकांना महिनाभर आधी फोन करा आणि सरळ सांगा, मला मार्शल म्हणून यायचंय. राहणं-जेवण बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं.

पहाटे चारला उठून जंगलातल्या एखाद्या वळणावर दिवसभर उभं राहावं लागतं. पण तिथे जे दिसतं ते कुठल्याही व्हिडिओत दिसत नाही. त्याच वळणावर पन्नास गाड्या पन्नास प्रकारे येतात. कुणी आधी ब्रेक मारून शांतपणे निघून जातो, कुणी आवाज करत, माती उडवत येतो आणि तुम्हाला वाटतं हाच पहिला. संध्याकाळी निकाल पाहिला की कळतं, तो शांत माणूस चार सेकंदांनी पुढे होता. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गाडी चालवण्याची समजच बदलते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. २०१९ साली राजस्थानातल्या राष्ट्रीय रॅलीत चालू स्टेजवर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातल्या तिघांचा जीव गेला. बंद रस्ता बंदच राहील, हे पाहणं कुणाचं काम असतं आणि ते किती कठीण असतं, हे मार्शल म्हणून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. गावातला माणूस म्हणतो, "माझं शेत पलीकडे आहे, दोन मिनिटांत जातो." त्याला थांबवायचं, तेही नीट बोलून. उद्या तुम्ही गाडीत असाल तेव्हा तुमचा भरवसा अशाच एखाद्या मार्शलवर असणार आहे.

दोन स्पर्धा मार्शल म्हणून करा. तोवर क्लबमधले लोक तुम्हाला नावाने ओळखायला लागतील, आणि या खेळात पुढची बहुतेक दारं त्या ओळखीतूनच उघडतात.

दुसरी पायरी : टीएसडी, घरच्या गाडीत

याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण टीएसडीला 'ही काय रॅली' म्हणून सोडून देणारी मुलं पुढे स्टेजवर त्याची किंमत मोजतात.

सुरुवातीला तुम्हाला रोडबुक मिळतं. त्यात प्रत्येक चौकाचं छोटं चित्र असतं, त्याला ट्यूलिप म्हणतात. (हॉलंडमधल्या ट्यूलिप रॅलीवरून हे नाव पडलं.) चित्रात गोळा म्हणजे तुम्ही येताय ती बाजू आणि बाण म्हणजे जायची बाजू. शेजारी सुरुवातीपासूनचं अंतर आणि आधीच्या चौकापासूनचं अंतर. सोबत वेगाचा तक्ता : इथून इथपर्यंत सरासरी ३०, तिथून पुढे ३६.

हिशेब एकदा समजला की सोपा आहे. ३६०० ला वेगाने भागा, एका किलोमीटरला किती सेकंद लागतात ते येतं. ३० च्या वेगाला १२० सेकंद, ३६ ला १००, ४० ला ९०, ४५ ला ८०. हे चार आकडे तोंडपाठ हवेत.

आता उदाहरण. तुम्ही ७ वाजून १२ मिनिटांनी सुटलात. पहिले ६.४ किलोमीटर ३० च्या सरासरीने : ६.४ गुणिले १२०, म्हणजे ७६८ सेकंद, म्हणजे १२ मिनिटं ४८ सेकंद. त्या ठिकाणी तुम्ही ७:२४:४८ ला असायला हवं. पुढचे ९.५ किलोमीटर ३६ ने : ९५० सेकंद, १५ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे तिथे ७:४०:३८. वाटेत कुठेही, आधी न सांगितलेल्या जागी, टाइम कंट्रोल लावलेला असू शकतो. तिथे तुमचा सेकंद नोंदवला जातो. लवकर पोचलात तरी दंड, आणि तो अनेकदा उशिरापेक्षा जास्त असतो.

नवखे इथे जी चूक करतात ती हिशेबाची नसते, मीटरची असते. आयोजक सुरुवातीला मोजून दिलेला एक टप्पा देतात, समजा १० किलोमीटरचा. तिथे तुमच्या गाडीचा मीटर १०.३ दाखवतो. हा ३ टक्क्यांचा फरक क्षुल्लक वाटतो. पण दुरुस्ती न करता निघालात तर मीटरवर १० दिसेल तेव्हा तुम्ही प्रत्यक्षात ९.७१ वर असाल. ३६ च्या वेगाला ही सुमारे २९ सेकंदांची चूक झाली. म्हणून रोडबुकातलं प्रत्येक अंतर १.०३ ने गुणून शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवायचं. १५.९ असेल तर १६.३८. हे काम आदल्या रात्री किंवा सुटण्याआधी, गाडी उभी असताना करायचं. आणि टायरमधली हवा त्यानंतर बदलायची नाही, कारण हवा बदलली की चाकाचा घेर बदलतो आणि सगळा गुणाकार वाया जातो.

सरावाला स्पर्धेची गरज नाही. रविवारी सकाळी मित्राला घेऊन सासवड-नारायणपूर-कापूरहोळ असा साधा फेरा मारा. एकाने आदल्या दिवशी जाऊन ट्यूलिप काढायचे, दुसऱ्याने त्यावरून गाडी न्यायची. पेट्रोल आणि दोन प्लेट मिसळ, एवढाच खर्च. चार-पाच रविवारांत कळेल की तुम्हाला दोघांना एका गाडीत न भांडता काम करता येतं की नाही. रॅलीत ही बाब इंजिनाच्या ताकदीइतकीच मोलाची आहे.

मुलींना आणि बायकांना आवर्जून सांगतो : मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन खास महिलांसाठी 'रॅली टू द व्हॅली' ही टीएसडी भरवत आली आहे. पहिल्या अनुभवाला याहून चांगली जागा मला माहीत नाही. पुढे कुठवर जाता येतं हे पाहायचं असेल तर बंगळूरच्या ऐश्वर्या पिसेचं नाव लक्षात ठेवा. २०१९ साली तिने दुचाकीवर बाहा, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या क्रॉस-कंट्री शर्यतींच्या, विश्वचषकाचा महिला गट जिंकला.

तिसरी पायरी : डावी सीट

रॅलीतली सगळ्यात स्वस्त जागा नेव्हिगेटरची. गाडी दुसऱ्याची, टायर दुसऱ्याचे, मेकॅनिक दुसऱ्याचे. तुमचं हेल्मेट, सूट, परवाना आणि प्रवासखर्च तुमचा, आणि तोही काही ड्रायव्हर उचलतात. बदल्यात तुम्ही खऱ्या स्टेजवर, खऱ्या वेगाने, अनुभवी माणसाच्या शेजारी बसता. तो कुठे ब्रेक मारतो, कुठे वाट पाहतो, पंक्चर झाल्यावर आवाज न चढवता काय बोलतो, हे सगळं दोन फुटांवरून दिसतं. ज्याला पुढे गाडी चालवायची आहे त्यानेही एक हंगाम इथे काढावा असं माझं ठाम मत आहे. आणि बक्षिसात नेव्हिगेटर दुय्यम नसतो. चषक दोघांना मिळतो, नाव दोघांचं लागतं. केरळच्या मुसा शरीफ यांनी उभी कारकीर्द याच सीटवर घडवली.

त्यासाठी पेस नोट्स, म्हणजे रस्त्याची वळणं टिपायची सांकेतिक भाषा, यायला हवी. रेकीला, म्हणजे स्पर्धेआधीच्या पाहणीला, दोघं साध्या गाडीतून मर्यादित वेगाने स्टेजवरून जातात. ड्रायव्हर बोलतो, नेव्हिगेटर लिहितो. बहुतेक लोक १ ते ६ आकडे वापरतात : १ म्हणजे अगदी वळसा, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. मग एक ओळ अशी होते :

"पन्नास, राइट फोर ओव्हर क्रेस्ट, डोन्ट कट, इनटू लेफ्ट थ्री टाइटन्स."

म्हणजे पन्नास मीटर सरळ, मग चढावाच्या माथ्यावरूनच उजवं चार, आतली कड कापू नका कारण तिथे दगड आहे, आणि त्याला लागूनच डावं तीन, जे पुढे आवळत जातं. माथ्यापलीकडचं ड्रायव्हरला काही दिसत नसतं. तो या ओळीवर विश्वास ठेवून पाय ठेवतो. 'टाइटन्स' हा एक शब्द राहिला तर गाडी शेतात जाते. दुसऱ्या फेरीत नेव्हिगेटर वाचतो, ड्रायव्हर ऐकून दुरुस्त करतो. बहुतेक राष्ट्रीय ड्रायव्हर इंग्रजी शब्दच वापरतात, कारण ते आखूड आहेत आणि नेव्हिगेटर बदलला तरी चालतात. पण तुमच्या दोघांमध्ये मराठी चालत असेल तर "खड्डा" हा शब्द कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा लवकर पोचतो. आम्ही अजूनही तोच वापरतो.

सराव करण्यासाठी गावाबाहेरचा ओळखीचा रस्ता पुरे. वेग ३० ठेवा. नोट्स लिहायला शिकणं आणि वेगात जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं कायदा न मोडता शिकता येतं.

आता एक गोष्ट जी आधी कुणी सांगत नाही : चालत्या गाडीत वाचताना मळमळतं. मला पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येक स्टेजनंतर व्हायचं. उपाय साधे आहेत. वही मांडीवर न ठेवता छातीपाशी धरा, म्हणजे डोळ्यांच्या कडेने रस्ता दिसत राहतो. सकाळी हलकं खा, पण उपाशी राहू नका. ट्रान्सपोर्टमध्ये, म्हणजे दोन स्टेजच्या मधल्या प्रवासात, काच खाली ठेवा. खिशात आलेपाक ठेवा. आणि घरच्या गाडीत, शेजारी बसून, रोज दहा मिनिटं मोठ्याने वर्तमानपत्र वाचा. दोन महिन्यांत शरीर सरावतं.

चौथी पायरी : हात बसवणं

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ताम्हिणीत, लोणावळ्याच्या घाटात, नव्या महामार्गावर रात्री सराव करणं हा सराव नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मला दंडाची काळजी नाही. समोरून दुधाचे कॅन घेऊन येणारा माणूस या खेळात सहभागी नाही, त्याने नाव नोंदवलेलं नाही. एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

योग्य जागा म्हणजे ऑटोक्रॉस. मैदानात शंकू आणि झेंड्यांनी आखलेला कच्चा मार्ग, आणि निकाल घड्याळावर. अनेक ठिकाणी नवख्यांसाठी जवळजवळ मूळ अवस्थेतल्या गाडीचा गट असतो. सैल मातीवर गाडी कशी सरकते, मागचं चाक कधी सुटतं, हँडब्रेक किती ओढला की गाडी वळते आणि किती ओढला की उभी राहते, हे इथे काही मिनिटांत कळतं, आणि चूक झाली तर शंकू पडतो, बस्स. मुरूम, काळी माती आणि पावसानंतरची तीच काळी माती हे तीन वेगळे पृष्ठभाग आहेत. तिन्हींवर चालवून बघा. यानंतरची पायरी रॅली स्प्रिंट. तिथे खरा रस्ता असतो, पण अंतर थोडं, त्यामुळे टायर आणि पेट्रोलचा खर्च आवाक्यात राहतो.

आठवड्याच्या मधल्या दिवशी सिम्युलेटर चालत असेल तर जरूर वापरा. चाक हातात धरून, मित्राला मागे बसवून नोट्स वाचायला लावा. गाडीचा अंदाज त्यातून येत नाही, पण ऐकलेल्या नोटवर विश्वास ठेवायची सवय नक्की लागते.

पाचवी पायरी : विमा, परवाना, नियमावली

घरची गाडी घेऊन कुठल्याही स्पर्धेत जाण्याआधी विम्याची पॉलिसी काढून 'वापराच्या मर्यादा' हा परिच्छेद वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल यांना संरक्षण नसतं. ऑटोक्रॉसमध्ये दार चेपलं तर भरपाई मिळणार नाही, हे धरूनच चाला. टीएसडीच्या बाबतीत विमा कंपनीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

स्पर्धा परवाना एफएमएससीआयकडून मिळतो. प्रकारानुसार वेगवेगळा. वाहन परवाना, फोटो, रक्तगट, डॉक्टरचं प्रमाणपत्र ही तयारी आधी करून ठेवा. शेवटच्या आठवड्यात धावपळ करणाऱ्यांचा अर्ज हमखास कुठेतरी अडतो.

नियमावली, ज्याला सगळे 'सप रेग्ज' म्हणतात, ती स्पर्धेआधी प्रसिद्ध होते. ती दोनदा वाचा. एंट्री फी, लवकर भरल्यास सवलत, कोणता गट, कोणतं हेल्मेट चालतं, टायरची मर्यादा, सगळं तिथेच असतं. मी एका स्पर्धेत फक्त नीट न वाचल्यामुळे वेगळ्या गटात गेलेला संघ पाहिलाय. वेळ चांगली होती, चषक मिळाला नाही.

सहावी पायरी : अंगावरचं सामान

गाडीआधी हे घ्या, आणि नवं घ्या. दुसऱ्या बाबतीत वापरलेलं चालेल, इथे नाही.

हेल्मेट पहिलं. मोटारसायकलचं हेल्मेट स्टेज रॅलीत चालत नाही, कारण गाडीच्या हेल्मेटची आगीसाठी वेगळी चाचणी होते. हेल्मेटला मान वाचवणाऱ्या हान्सचे खिळे बसवता येतात का ते पाहा. मग हान्स, मग अग्निरोधक सूट, बालाक्लाव्हा (हेल्मेटच्या आत घालायचं डोकं-चेहरा झाकणारं कापड), हातमोजे, बूट. पैसे कमी पडत असतील तर सूट साधा घ्या, हेल्मेट नाही. सुटाच्या आत सिंथेटिक टी-शर्ट घालू नका. उष्णतेने ते कातडीला चिकटतं. साधं सुती बनियन त्यापेक्षा बरं.

हेच सामान डाव्या सीटवर चालतं, उजव्या सीटवरही चालतं आणि गाडी विकली तरी तुमच्याकडे राहतं. म्हणूनच ते आधी घ्यायचं.

आता गाडी

एक हंगाम मार्शल आणि टीएसडी, एक हंगाम डावी सीट आणि ऑटोक्रॉस. एवढं झाल्यावर गाडीचा विचार करा. तीन वाटा आहेत.

भाड्याने. पहिल्या एक-दोन स्टेज रॅलींसाठी मी हेच सुचवतो. गाडी, सर्व्हिस, मेकॅनिक सगळं त्यांचं. रक्कम एकदम मोठी वाटते, पण त्यात तुमचे लपलेले खर्च येऊन जातात. नुकसान झालं तर कितीपर्यंत तुमची जबाबदारी, हे कागदावर घ्या. गिअरबॉक्स तुटला तर कुणाचा, हे आधी न विचारल्यामुळे मैत्र्या तुटल्या आहेत.

तयार रॅली कार विकत. स्वतः बांधण्यापेक्षा हे जवळजवळ नेहमी स्वस्त पडतं, कारण रोल केज, सीट, बेल्ट, संप गार्ड (इंजिनाखालचं कवच), सस्पेन्शन यांवर आधीच्या मालकाने घातलेले पैसे त्याला पूर्ण परत मिळत नाहीत. बघायला जाताना रंग पाहू नका. खाली झोपा. सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं आहे तिथे भेगा आहेत का, केजच्या वेल्डिंगवर नंतर रंग मारून काही झाकलंय का, पाहा. सीट आणि बेल्टवर वैधतेची मुदत शिवलेली असते. ती संपली असेल तर तेवढे पैसे किमतीतून वजा करा. आरसी मात्र सगळ्यात आधी पाहा. रॅलीच्या गाडीला दोन स्टेजच्या मधल्या ट्रान्सपोर्टमध्ये सार्वजनिक रस्त्यावरून जावं लागतं, त्यामुळे नोंदणी, पीयूसी, विमा हे सगळं चालू लागतं. जुनी गाडी असेल तर पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण झालंय का, हे तपासा. आणि मूळ गाडीत केलेले बदल आरटीओच्या दृष्टीने कुठे बसतात, हे क्लबमधल्या जाणत्याला विचारून घ्या.

स्वतः बांधणं. वेळ असेल, हात काळे करायची आवड असेल आणि विश्वासाचा फॅब्रिकेटर असेल तरच. केज हे गेट बनवणाऱ्या वेल्डरचं काम नाही. पाइपची जात, जाडी आणि जोड यांचे नियम आहेत, आणि स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, ते पाहिले जातात.

कोणती गाडी? जिप्सी १९८५ साली आली आणि आता बनत नाही, पण तिच्याइतकं शिकवणारी गाडी दुसरी नाही, आणि तिचं काम येणारा मेकॅनिक अजून तालुक्याच्या गावातही मिळतो. एस्टीम आणि जुनी होंडा सिटी व्हीटेक या गाड्यांनी भारतीय रॅलीच्या दोन पिढ्या घडवल्या. पोलोही २०२२ पासून इथे बनत नाही, तरी तयार गाड्या बाजारात फिरत असतात. माझा सल्ला : तुमच्या सर्व्हिस टीममधल्या मेकॅनिकला जी गाडी डोळे मिटून उघडता येते, ती घ्या. सर्व्हिसला, म्हणजे स्पर्धेतल्या दुरुस्तीला, मिनिटं मोजून मिळतात. ड्राइव्हशाफ्ट कुठल्या बाजूने निघतो हे तो तिथे शोधत बसला तर दिवस गेला.

पैशाचं गणित

कागद घ्या आणि एका रॅलीच्या ओळी लिहा : एंट्री फी, परवाना, टायर, पेट्रोल, गाडी नेण्या-आणण्याचा ट्रक, रेकीची गाडी आणि तिचं पेट्रोल, पाच माणसांचं चार दिवस राहणं-जेवण, मेकॅनिकचा रोज, सुटे भाग (टाय रॉड एंड, लोअर आर्म, ब्रेक पॅड, क्लच, पट्टे, रेडिएटरचा होज, ऑइल). बेरजेत आणखी तिसरा हिस्सा मिळवा. तो दुरुस्तीसाठी. ही बेरीज झाल्यावर वर्षात किती रॅली परवडतात ते ठरवा. तीन परवडत असतील तर दोन करा. सहा स्पर्धांत अर्धवट तयारीने जाण्यापेक्षा दोन पूर्ण करणारा माणूस लवकर शिकतो.

बक्षिसाच्या रकमेवर हिशेब मांडू नका. आपल्याकडे बहुतेक सगळे रॅलीवाले नोकरी, शेती किंवा धंदा सांभाळून हे करतात. घर गहाण, सोनं गहाण, असलं काही करायचं नाही, आणि कुणी करत असेल तर त्याला थांबवा.

प्रायोजक मोठ्या कंपनीत शोधू नका. गावातला टायरवाला, पेट्रोल पंप, हॉटेल, गॅरेजला पार्ट पुरवणारा, हे तुमचे पहिले प्रायोजक. त्यांच्याकडे रोख मागू नका, वस्तू मागा : दोन टायर, एक टाकी, टीमचं जेवण. बदल्यात दारावर नाव, दुकानासमोर एक दिवस गाडी उभी, आणि स्पर्धेनंतर स्वतः जाऊन फोटो आणि निकाल देणं. हरलात तरी जायचं. पुढच्या वर्षी तोच माणूस स्वतःहून विचारतो.

वर जाणारी वाट आहे, हेही खरं. गौरव गिल यांनी आशिया-पॅसिफिक रॅली चॅम्पियनशिप २०१३, २०१६ आणि २०१७ अशी तीनदा जिंकली आणि २०१९ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटर स्पोर्टमधला तो पहिलाच. पुण्याचे संजय टकले आशियातल्या रॅली गाजवून २०२५ साली डकार क्लासिकपर्यंत, म्हणजे डकार रॅलीतल्या जुन्या गाड्यांच्या गटापर्यंत, गेले.

पहिली स्टेज रॅली : दोन गोष्टी पाठ करून जा

एक, टाइम कंट्रोल. तिथे आधी पिवळा बोर्ड येतो, मग लाल. पिवळ्यापलीकडे गाडी न्यायची ती तुमच्या मिनिटाच्या फार तर एक मिनिट आधी. समजा तुमची वेळ ९:४७ आहे. नेव्हिगेटरने वेळ नोंदवायचं कार्ड घेऊन चालत टेबलापर्यंत जायचं आणि घड्याळात ९:४७ लागल्यावरच कार्ड द्यायचं, ४७ च्या त्या साठ सेकंदांत कधीही. आंतरराष्ट्रीय नियमांत एक मिनिट उशीर म्हणजे १० सेकंद दंड, पण एक मिनिट लवकर म्हणजे पूर्ण एक मिनिट. स्टेजवर जिवावर उदार होऊन मिळवलेले सहा सेकंद टेबलापाशी घाईने साठ होतात. कार्ड परत घेताना आकडा वाचा. चूक असेल तर तिथेच, शांतपणे, दुरुस्त करून घ्या. पुढच्या कंट्रोलवर कुणी ऐकत नाही.

दोन, गाडी थांबली तर. रोडबुकातच एका बाजूला हिरवं ओके आणि दुसऱ्या बाजूला लाल एसओएस छापलेलं असतं. दोघं ठीक असाल तर लगेच ओके मागच्या गाडीला दिसेल असं धरा, आणि लाल त्रिकोण गाडीच्या किमान पन्नास मीटर मागे ठेवा. धूळ असेल तर आणखी लांब. दुसऱ्याचा एसओएस दिसला तर तुम्ही कितीही वेगात असा, थांबायचं.

आदल्या रात्री बॅग भरताना दोन पेन्सिली, एक खोडरबर, टॉर्च, पाण्याची बाटली आणि आलेपाक वरच्या कप्प्यात ठेवा. बेल्ट एकदा आवळले की खालच्या कप्प्यापर्यंत हात पोचत नाही.